पाचावर धारण

गुनसान बंदरातल्या मुलांच्या हायस्कुलात प्यो सांगजिन सर इंग्रजीचं व्याकरण शिकवत आणि पोरं त्यांना पाठीमागं 'कान धरा सर' म्हणत. त्याला कारण होतं. फळ्यावर वाक्य लिहून झालं की सर टेबलावर पट्टी आपटत आणि ओरडत, "करणारा कोण? आधी त्याचा कान धरा, मग पुढं चला!" कोरियन बोलताना माणूस कर्ता सहसा गिळूनच टाकतो. कोण आलं, कोण गेलं, कोणी खाल्लं, हे ऐकणाऱ्यानं समजून घ्यायचं. क्रियापद काही पत्ता लागू देत नाही. या सवयीचं पोर इंग्रजी लिहायला बसलं की वाक्याचं मुंडकंच उडवतं. सरांची अर्धी हयात ती मुंडकी परत चिकटवण्यात गेली होती.

मुंडकं सापडलं की मग क्रियापदाची जात ओळखायची. इंग्रजीतलं कुठलंही वाक्य पाचापैकी एका साच्यात बसतंच, हे त्या देशातल्या प्रत्येक शाळकरी पोराला बाराखडीसारखं पाठ असतं. पक्षी उडतो, हा पहिला. तो डॉक्टर झाला, हा दुसरा. यात 'डॉक्टर' हे पूरक. तिसऱ्यात कर्म, चौथ्यात दोन कर्मं. पाचव्यात कर्म असतं आणि त्या कर्माचं पूरक असतं, आणि तिथं निम्मा वर्ग तोंडावर आपटतो.

"आई मला भात वाढते," सर म्हणत. "मी म्हणजे भात का रे? नाही ना? मग चौथा. आता, आई मला गाढव म्हणते. मी म्हणजे गाढव का?"

"आईला विचारावं लागेल, सर!" मागच्या बाकावरून कोणीतरी हमखास ओरडे.

"आईचं म्हणणं तसंच आहे, म्हणून पाचवा! दोघांच्या मध्ये बरोबरचं चिन्ह टाकून बघा. बसलं तर पाचवा."

अशी सरांची वर्षं चालली होती, कोणाच्या अध्यात नाही की मध्यात नाही. पण एकोणीसशे ऐंशीच्या त्या शरदात व्याकरणालासुद्धा जपून चालावं लागत होतं. देशाची सूत्रं एका सेनापतीनं हातात घेतली होती. ऑगस्ट सरता सरता राजधानीतल्या एका छपराखालच्या स्टेडियमात निवडक माणसं जमली, त्यांनी मतं टाकली आणि सेनापती राष्ट्राध्यक्ष झाला. विरोधात एकही मत पडलं नाही, असं पेपरांत छापून आलं. वरच्या आळीतला रेडिओ दुरुस्त करणारा एवढंच म्हणाला, "आमच्या घरात रात्री काय शिजवायचं यावरसुद्धा इतकं एकमत होत नाही." त्याला घेऊन गेले. परत आला तेव्हापासून तो बोलायचा बंद झाला. गुंडांना सुधारायच्या नावाखाली डोंगरात छावण्या उघडल्या होत्या. तिथं माणसांना चिखलात लोळवत, ओंडके उचलायला लावत, आणि 'गुंड' या शब्दात कोण बसतं हे ठरवायला काही साचा नव्हता.

आता सरांची चूक म्हणाल तर ती एवढीच की त्यांनी सवयीनं लिहिलं. पाचवा साचा शिकवताना ते दर वर्षी तेच वाक्य लिहीत, पुस्तकातलंच होतं ते: दे मेड हिम प्रेसिडेंट. त्यांनी त्याला अध्यक्ष बनवलं. आजवर हा अध्यक्ष कुठल्यातरी टेनिस क्लबचा असे. त्या दिवशी पांढऱ्या अक्षरांत ते वाक्य फळ्यावर उतरलं आणि सरांच्या पाठीमागं वर्ग एकदम चिडीचूप झाला. सरांना वाटलं, आज लक्ष आहे पोरांचं.

मेंग दुहोनं हात वर केला. दुहो म्हणजे उंच, हडकुळा पोरगा. मनगटं कायम बाहीच्या बाहेर. इंग्रजीत इतका कच्चा की सरांनी त्याला वर्षभर कर्त्यापुढं सरकूच दिलं नव्हतं. त्या महिन्यात कुठं त्याला कर्ता ओळखता यायला लागला होता आणि त्याची त्याला भारी ऐट होती.

"सर, करणारे हे 'दे'," तो उभा राहून म्हणाला. "पण 'दे' म्हणजे कोण? कोणाचा कान धरायचा?"

त्याच्या तोंडावर विनोदाचा मागमूस नव्हता. बिचारा शिकवलेलं करत होता. पण क्षणभरानं एक पोरगा फिस्सकन हसला, मग दुसरा, आणि बघता बघता सगळा वर्ग बाकांवर डोकी टेकून हसायला लागला. दुहो गोंधळून इकडंतिकडं बघत राहिला. आणि खरं सांगायचं तर सरांच्याही ओठाचा एक कोपरा हलला.

दुसऱ्याच क्षणी ते भानावर आले. त्यांनी डस्टर न शोधता हातानंच फळा पुसला. "खाली बस! गप्प बसा सगळे! पान उलटा!" त्यांचा आवाज इतका चिरका निघाला की पोरं खरंच गप्प झाली. उरलेला सगळा तास सर साठ चेहऱ्यांवरून नजर फिरवत होते. यातला कोण जाऊन सांगेल? खिडकीपाशी बसणारा, ज्याचा बाप नगरपालिकेत आहे तो? पहिल्या बाकावरचा ग्वाक, वर्गाचा मॉनिटर, ज्याचा मामा पोलिसात आहे? का ड्रिलचे मास्तर व्हरांड्यातून जात होते? ज्यांना ते पोरं म्हणत आले होते त्यांचीच त्यांना भीती वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी हेडसरांनी बोलावलं. हेडसर उभेच होते आणि दार लावून घेतल्यावरही कुजबुजत बोलत होते.

"प्यो, काय करून बसलात हो? फोन आला होता. उद्या सकाळी बंदराच्या रस्त्यावर, ती बिनपाटीची इमारत आहे ना, तिथं हजर व्हायचंय."

"सर, पुस्तकातलं वाक्य होतं..."

"मला नका सांगू! मला काहीही सांगू नका. मला माहीत नाही तेच बरं." हेडसरांनी कपाळ पुसलं. "मी त्यांना सांगितलं, व्याकरणाचा माणूस आहे, त्याला मतं नसतात. आता यापेक्षा जास्त मी काय करणार?"

संध्याकाळी सर घराकडं निघाले तेव्हा झेंडा उतरवायची वेळ झाली. खांबावरच्या कर्ण्यातून राष्ट्रगीत सुरू झालं आणि रोजच्याप्रमाणं रस्ता जागच्या जागी थांबला. मासेवाली डोक्यावरची पाटी एका हातानं सावरत दुसरा हात छातीवर ठेवून उभी राहिली. सरांनीही हात छातीवर ठेवला. समोर शिंप्याच्या दुकानाची काच होती. तिच्यात त्यांना आपल्या मागं, वीसेक पावलांवर, तपकिरी जाकिटातला एक माणूस दिसला. हाच माणूस त्यांनी शाळेच्या गेटपाशी पाहिला होता. तोही छातीवर हात ठेवून उभा होता.

पळून जावंसं वाटत होतं, पण राष्ट्रगीत चालू असताना हलतो त्याचं काय होतं ते सगळ्यांना ठाऊक होतं. मग त्यांच्या लक्षात आलं की गीत चालू आहे तोवर मागच्यालाही हलता येणार नाही. ते संपूच नये, असं त्यांना जन्मात पहिल्यांदा वाटलं. ते संपलंच. रस्ता पुन्हा वाहू लागला आणि जाकीटवाला तंबाखूच्या दुकानात शिरला. असेल साधं गिऱ्हाईक. पण हे भीतीला समजावून सांगता आलं असतं तर आणखी काय हवं होतं!

घरी ग्येसुन, त्यांची बायको, उन्हातून उचललेल्या लाल मिरच्या निवडत बसली होती. सरांचा चेहरा पाहताच तिनं सूप खाली ठेवलं.

"अहो, काय झालं?"

सरांनी सांगितलं. सांगताना आपोआपच आवाज खाली गेला. भिंतीपलीकडं शेजारी होते.

"पण म्हणाला तो पोरगा ना? काय नाव त्याचं, दुहो?" ग्येसुन म्हणाली. "मग सांगून टाका की! तुम्ही थोडंच काही बोललात!"

"अगं, त्याला कळलंसुद्धा नाही आपण काय बोललो ते. मीच शिकवलंय त्याला तसं विचारायला."

"आणि हिला काय कळतंय?" तिनं कोपऱ्यात झोपलेल्या मुलीकडं बोट केलं. "रेडिओवाल्याची बायको भेटते मला नळावर. कोणी दार वाजवलं की तो कपाटात शिरून बसतो. वाजवणारी त्याची आई असली तरी. मला तसा नवरा नकोय." आणि ती रडायला लागली. मिरचीचे हात डोळ्यांना लागून आणखीनच रडायला लागली आणि सर तिच्यासाठी पाणी आणायला धावले. पाणी ओतताना त्यांनी मनाशी ठरवलं की काही झालं तरी पोराचं नाव घ्यायचं नाही. ठरवायला फारसे कष्ट पडले नाहीत. समोर कोणी विचारणारं नव्हतं ना!

सकाळी बिनपाटीच्या इमारतीत त्यांना माडीवरच्या एका खोलीत नेऊन बसवलं. मारझोडीचं सामान, अंधार, असलं काही तिथं नव्हतं. टेबल, दोन खुर्च्या, शेगडीवर किटली. थोड्या वेळानं योम नावाचे साहेब आले. स्वेटर, चष्मा, बँकेतल्या कारकुनासारखा सौम्य चेहरा. त्यांच्या काखेत शाळेचं व्याकरणाचं पुस्तक होतं. सरांना त्या पुस्तकाचीच जास्त धडकी भरली.

"बसा, बसा, प्यो सर. जवाचा चहा घ्या, गरम आहे. काय आहे, आमचं इंग्रजी पहिल्यापासून कच्चं. तो पाचवा साचा तर शाळेत कधी डोक्यात शिरलाच नाही. आज तुमच्यासारखा माणूस घरबसल्या मिळालाय, शिकवा जरा."

सर शिकवायला लागले. शिकवण्याची सवय मोठी असते. भात आणि गाढवाचं उदाहरण आलं तेव्हा योम साहेब खळखळून हसले. सरांना धीर आला. वाटेत घोकून ठेवलेलं त्यांनी पुढं केलं.

"म्हणजे बघा साहेब, या वाक्यात 'हिम' आणि 'प्रेसिडेंट' यांच्यात बरोबरचं चिन्ह आहे. ते अध्यक्ष आहेत, असंच हे वाक्य म्हणतं. निष्ठेचंच वाक्य आहे म्हणा ना!"

"वा! हे कोणी आम्हाला असं सांगितलंच नाही." योम साहेबांनी कागदावर बरोबरचं चिन्ह काढलं. मग पेन्सिल डावीकडं सरकवली. "आणि हे पहिलं? हे 'दे'?"

"ते असंच असतं साहेब. इंग्रजीला मुंडकं लागतं. कोणीतरी म्हणायचं म्हणून 'दे'."

"कोणीतरी. म्हणजे कोणीतरी त्यांना बनवलं. आपसूक झाले नाहीत."

किटलीचं झाकण थडथडत होतं.

"मी चिडलो नाहीये हो," योम साहेब म्हणाले. "मी शिकतोय. हे 'कोणीतरी' न घालता तेच सांगता येणार नाही का?"

"येतं की!" सर जवळजवळ खुर्चीतून उठलेच. "दुसरा साचा, साहेब! ही बिकेम प्रेसिडेंट. ते अध्यक्ष झाले. बनवणारा कोणी नाही, कर्म नाही, काही नाही. कर्ता आणि पूरक. एकदम सुटसुटीत." सुटकेच्या भरात त्यांची जीभ सैल सुटली. "आपल्या कोरियन व्याकरणात तर पूरक दोनच क्रियापदांना लागतं, साहेब. एक 'होणे', आणि दुसरं..."

ते थांबले.

"दुसरं?"

"'नसणे'," सर म्हणाले. तो अध्यक्ष झाला. तो अध्यक्ष नाही.

योम साहेबांनी चष्मा काढून पुसला. "ते दुसरं आपल्याला नको," ते प्रेमानं म्हणाले. "उद्यापासून वर्गात 'बिकेम' लिहा. छान आहे."

तेवढ्यात शेजारच्या खोलीत खुर्ची कोसळल्याचा आवाज झाला, मग काहीतरी जड आपटल्याचा, आणि एक लांब, दबलेलं कण्हणं. सरांच्या हातातला चहा बशीत सांडला.

"पडला असेल कोणीतरी," योम साहेब म्हणाले. "फरशी ओली असते. हं, आता वर्गात काय झालं ते दोन ओळीत लिहून द्या, आणि मोकळे व्हा."

सरांनी कागद ओढला. डोकं अजून चालत होतं. आयुष्यभर ज्या खोडीवर ते ओरडत आले तीच आज कामाला येणार होती. त्यांनी कोरियनमध्ये, कर्ता गिळून, लिहिलं: तासाला 'दे' म्हणजे कोण, असं विचारण्यात आलं. हशा झाला. फळा पुसला. त्यांना स्वतःच्या हुशारीचं कौतुकच वाटलं.

योम साहेबांनी वाचलं. पुन्हा वाचलं.

"सर, आत्ताच तुम्ही मला काय शिकवलंत? विचारण्यात आलं. कोणाकडून? करणाऱ्याचा कान आधी धरायचा ना? असंच म्हणता ना तुम्ही वर्गात?"

कान धरायचं सरांनी या खोलीत एकदाही म्हटलं नव्हतं. म्हणजे सांगणाऱ्यानं शब्दन् शब्द सांगितला होता.

"साहेब, साठ पोरं आहेत. मी पाठमोरा होतो, फळ्याकडं..."

"हो? हसलात मात्र पोरांकडं तोंड करून, असं ऐकलं."

पाच साचे शिकवण्यात जन्म गेलेल्या माणसाची खऱ्या अर्थानं पाचावर धारण बसली ती तिथं. त्यांना काही ऐकू येईना. योम साहेबांचे ओठ हलत होते आणि शब्द मागाहून पोचत होते.

"...म्हणजे दोनच शक्यता उरतात. एक तर पोरानं विचारलं, नाहीतर मास्तरानं पोराला विचारायला लावलं. तिसरा साचा का पाचवा, ते तुम्ही ठरवा. व्याकरण तुमचं. मुलगी किती वर्षांची झाली तुमची?"

शेजारच्या खोलीतलं कण्हणं थांबलं होतं, आणि ते थांबणं कण्हण्यापेक्षा वाईट होतं. त्यांना तर सगळं आधीच माहीत आहे, सर स्वतःला म्हणाले. मी लिहिलं काय, न लिहिलं काय. पोरगं लहान आहे, दटावून सोडतील. मला मुलगी आहे. ही सगळी वाक्यं त्यांच्या मनात भराभर आली आणि प्रत्येक वाक्य बरोबर वाटलं. त्यांनी 'विचारण्यात आलं' खोडलं आणि वर लिहिलं: मेंग दुहोनं विचारलं.

"आता पुरं झालं वाक्य," योम साहेब म्हणाले. "घाबरू नका हो. पोराला दोन गोष्टी सांगू नि सोडून देऊ."

घरी आल्यावर ग्येसुननं काही विचारलं नाही. तिनं मुळ्याचं गरम सूप पुढं ठेवलं. सर जेवले. दोघंही मुलीकडं बघत होती, एकमेकांकडं नाही.

त्या आठवड्यात दुहो शाळेत आला नाही. सरांनी आपल्या मनाला सांगितलं की सर्दी झाली असेल. सोमवारी त्यांनी हजेरी घेतली. मेंग दुहोचं नाव आलं तेव्हा त्यांना ते गाळावंसं वाटलं, पण तोंडातून गेलंच.

मग मधल्या रांगेतून कोणीतरी वर न बघता म्हणालं, "गेला, सर."

"कुठं?"

"डोंगरात. छावणीत."

सरांनी रजिस्टर मिटलं, फळ्याकडं वळले आणि सांगितल्याप्रमाणं लिहिलं: ही बिकेम प्रेसिडेंट. साठ डोकी खाली वाकली, एकोणसाठ म्हणायला हवं, आणि पेन्सिली खरखरू लागल्या. सर थांबले. एखादं पोर काहीतरी विचारेल म्हणून थांबले. पोरांनी वाक्य उतरवून घेतलं, खाली रेघ मारली आणि पुढच्या वाक्याची वाट बघत बसली. इतका शहाणा वर्ग सरांना आजवर मिळाला नव्हता.

तेव्हा त्यांचं लक्ष पहिल्या बाकाकडं गेलं. ग्वाकचा वरचा ओठ फाटला होता आणि डावा डोळा सुजून बंद झाला होता.

"ग्वाक, काय झालं हे?"

"पडलो, सर."

"कुठं पडलास?"

"असाच. पडलो."

त्याच्या बाकावर कोणीतरी चाकूनं ठळक अक्षरांत 'चहाडखोर' असं कोरलं होतं. ग्वाकनं त्यावर वही ठेवली होती, पण वही पुरत नव्हती. मागच्या रांगेतल्या दोघातिघांच्या बोटांची पेरं सोललेली दिसत होती. सगळं स्पष्ट होतं. मामा पोलिसात, मॉनिटर असल्यामुळं स्टाफरूममध्ये रोजची ये-जा; दुहोचं नाव यानंच दिलं असणार, असा वर्गानं निकाल लावून टाकला होता. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ती ही. आणि हे शाळा सुटल्यावर रोज होणार होतं, जोवर ग्वाक शाळेत येतोय तोवर.

सरांनी फक्त पान उलटायला सांगितलं असतं तरी झालं असतं. कोणालाही कधीही कळलं नसतं. त्यांच्या हसण्याची खबर पोचवणारा याच खोलीत बसला होता. त्यांना तो कोण हे आजही माहीत नव्हतं, आणि आज ते जे काही बोलतील ते संध्याकाळपर्यंत योम साहेबांच्या टेबलावर असणार होतं. त्यांनी टेबलाची कड धरली. भीती थोडीदेखील कमी झाली नव्हती; उलट त्या माडीवरच्या खोलीत होती त्याहून वाढलीच होती. पण त्या फुटलेल्या ओठाकडं त्यांना बघवेना आणि दुसरीकडंही बघता येईना.

"दुहोचं नाव ग्वाकनं दिलेलं नाही," सर म्हणाले. आवाज इतका बारीक निघाला की मागच्यांनी माना पुढं केल्या. "मी दिलं."

पेन्सिली थांबल्या.

"त्यांनी विचारलं, आणि मी भ्यालो, आणि मी लिहून दिलं. ग्वाकला हात लावू नका."

एवढं बोलून त्यांना वाटलं की पोरं आता शिव्या देतील, बाक आपटतील. तसं काही झालं नाही. मागच्या रांगेतल्या एका दांडगट पोरानं आपले सोललेले हात बाकाखाली घेतले. खिडकीपाशी एक जण हळूच रडत होता. बाकीचे सरांकडं बघत होते, आणि त्यांच्या डोळ्यांत राग असता तर सरांना बरं वाटलं असतं. ते बघत होते ते फक्त, आपल्या सरांबद्दल हे आपल्याला ठाऊक नव्हतं, एवढ्याचसाठी.

घंटा झाली. तास संपला की मॉनिटरनं उठून 'सावधान' म्हणायचं आणि सगळ्या वर्गानं वाकून सरांना नमस्कार करायचा, हा रिवाज. ग्वाक उठला. सरही सवयीनं फळ्यापुढं ताठ उभे राहिले. ग्वाकचा फाटका ओठ हलला, पण हुकूम काही बाहेर पडला नाही. वर्ग बसूनच राहिला.

"सर," ग्वाक म्हणाला, "दुहोची आई सकाळपासून गेटपाशी उभी असते. रोज. नाव कोणी दिलं म्हणून येईल-जाईल त्या पोराला विचारते." ओठावरचं रक्त त्यानं बाहीनं टिपलं. "तिला तुम्ही सांगता का मी सांगू?"

सरांनी खडू ठेवला. जिना उतरताना त्यांना कठड्याला धरावं लागलं. त्या बिनपाटीच्या इमारतीचा जिना चढतानाही तसं धरावं लागलं नव्हतं. मैदान रिकामं होतं. गेटच्या गजांपलीकडं राखाडी शाल पांघरलेली एक ठेंगणी बाई उभी होती. तिनं सरांना दुरूनच ओळखलं. मुलाचे सर स्वतः आपल्याला भेटायला येताहेत हे बघून तिचा चेहरा एकदम उजळला, तिनं घाईघाईनं शाल सारखी केली आणि कमरेत वाकून, अगदी खाली वाकून, त्यांना नमस्कार केला.